खेड्यातली वाफेची ट्राम ठोकळ्यांतून: मोटरवर चालणारी पहिली प्रतिकृती बांधणाऱ्यांसाठी

लेगोसारख्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या रेल्वेकडे नव्याने वळलेल्या बहुतेकांना आधी लांब पल्ल्याचे मोठे वाफेचे इंजिन बांधावेसे वाटते, आणि त्यातले बरेच जण चाके जोडणारे दांडे, वळणे आणि वजन यांच्या गुंत्यात अडकून काम अर्धवट सोडतात. मी अशा प्रतिकृती बांधत आलो आहे, आणि माझा सल्ला असा आहे की मोटरवर चालणारी पहिली प्रतिकृती खेड्यातल्या वाफेच्या ट्रामची करावी. ही ट्राम आखूड असते, तिच्या इंजिनाला पुष्कळदा दोनच आस असतात, ती सावकाश धावते आणि तिची यंत्रणा नजरेआड असते. हे शेवटचे वैशिष्ट्य कायद्यामुळे आले. सार्वजनिक रस्त्यावरून जाणाऱ्या इंजिनामुळे घोडे बुजू नयेत आणि कोणी चाकाखाली सापडू नये, म्हणून ब्रिटनमधल्या बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याच्या नियमांनुसार रुळापासून ४ इंचांच्या वरची सगळी यंत्रणा झाकलेली असावी लागे आणि भट्टीतला जाळही बाहेरून दिसता कामा नये अशी अट असे. त्या काळच्या अभियंत्यांना जाचक वाटलेली ही अट आपल्या फार उपयोगाची आहे, कारण पत्र्यांच्या आड मोटर, गिअर आणि तारा सहज लपतात.

या लेखात मी इंग्लंडमधली विसबीच–अपवेल ट्राम नमुना म्हणून घेतली आहे. ही ट्राम १८८३ मध्ये आउटवेलपर्यंत आणि १८८४ मध्ये अपवेलपर्यंत सुरू झाली. सपाट, दलदलीच्या प्रदेशातून रस्त्याच्या आणि कालव्याच्या कडेने जाणाऱ्या या मार्गावर फळे आणि भाजीपाला बाहेर जाई, तर कोळसा गावांकडे येई. प्रवासी वाहतूक १९२७ च्या अखेरीस थांबली, मालवाहतूक मात्र १९६६ पर्यंत चालली. दुसरी कोणतीही ट्राम निवडली तरी पुढच्या पायऱ्या बदलत नाहीत, फक्त मोजमापे बदलतात.

हाताशी काय असावे

सुरुवात करण्यापूर्वी पुढील वस्तू गोळा कराव्यात. काम मध्येच थांबते ते बहुधा यांतली एखादी लहान वस्तू नसल्यामुळे.

- लेगोचे किंवा त्याच मापाचे रूळ: वर्तुळासाठी १६ वक्र तुकडे आणि निदान ८ सरळ तुकडे.
- लेगोच्या पॉवर्ड अप पद्धतीचा दोन जोडण्यांचा हब (बॅटऱ्या आणि नियंत्रण असलेली पेटी), त्याचा रिमोट आणि एक मध्यम किंवा मोठी मोटर.
- मध्ये आसाचे छिद्र असलेली, कड असलेली चार चाके आणि त्यांतल्या दोघांसाठी रबरी कडी.
- टेक्निक प्रकारचे छिद्रांचे ठोकळे, वेगवेगळ्या लांबीचे आस, पूर्ण आणि अर्धे बुश (आस जागेवर धरणारी छोटी कडी).
- ८, १६ आणि २४ दात्यांचे गिअर, प्रत्येकी दोन तरी.
- बाजूला स्टड (जोडणीचे गोल उंचवटे) असलेले ठोकळे, कोनपट्ट्या आणि भरपूर टाइल (वरून सपाट, पातळ तुकडे).
- व्हर्नियर कॅलिपर, साधी मोजपट्टी, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि ठोकळे सोडवण्याची पट्टी.
- संगणकावर आराखडा करायचा असल्यास ब्रिकलिंक स्टुडिओ. हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि लागणाऱ्या तुकड्यांची यादी स्वतः तयार करते.

संगणकावरच्या आराखड्याबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. पडद्यावर सगळे आस फिरतात आणि सगळे गिअर जुळतात. घर्षण, वजन आणि तारांची जाडी तिथे कळत नाही. म्हणून बाह्य रूप संगणकावर जुळवावे, पण चाकांची चौकट प्रत्यक्ष हातांनीच बांधावी.

१. नमुना आणि प्रमाण ठरवा

लेगोच्या दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये सुमारे ३७.५ मिमी अंतर असते. विसबीच–अपवेल ट्राम १४३५ मिमीच्या प्रमाण गेजची, म्हणजे रुळांमधल्या नेहमीच्या अंतराची, होती. भागाकार केला की प्रमाण सुमारे १:३८ येते. या प्रमाणात ८ फूट रुंदीचे वाहन ६४ मिमी रुंद होते, म्हणजे बरोबर ८ स्टड, कारण एक स्टड ८ मिमीचा असतो. ठोकळ्यांचा माणूस सुमारे ४० मिमी उंच असतो. तो या प्रमाणात दीड मीटर उंचीचा ठरतो आणि दारात, खिडकीत बऱ्यापैकी शोभतो.

अनेक तयार संचांतील गाड्या ६ स्टड रुंद असतात आणि तोच मोह नवख्यांना होतो. ट्रामसाठी मात्र ८ स्टडांची रुंदीच घ्यावी. ६ स्टड रुंदीत चाकांच्या बाहेरच्या बाजूला पत्रे लावायला जागाच उरत नाही आणि ते चाकांवर घासतात; ८ स्टड रुंदीत दोन्ही बाजूंना साधारण एकेक स्टड मोकळा मिळतो.

मीटर गेजच्या ट्राम दिसायला फार देखण्या आहेत. जर्मनीत प्रीन येथील कीमझे-बान १८८७ पासून धावते आहे आणि तिचे वाफेचे ट्राम-इंजिन आजही पाहायला मिळते. परंतु तेच रूळ वापरून मीटर गेजची प्रतिकृती केली तर प्रमाण सुमारे १:२७ होते, २ मीटर रुंदीचे वाहन ९ स्टडांहून रुंद होते आणि ठोकळ्यांचा माणूस त्यापुढे खुजा वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या प्रतिकृतीसाठी तो विचार राखून ठेवावा.

विसबीच–अपवेल मार्गावर दोन प्रकारची ट्राम-इंजिने होती. पहिली चार चाकांची, १८८३ ते १८९७ या काळात बांधलेली १० इंजिने. ही ट्राम चालवणाऱ्या ग्रेट ईस्टर्न रेल्वेत त्यांचा वर्ग जी १५ होता आणि पुढे तो वाय ६ झाला. दुसरी सहा चाकांची, १९०३ ते १९२१ या काळातली १२ इंजिने, ज्यांना पुढे जे ७० हे वर्गनाम मिळाले. सहा चाकांचे इंजिन अधिक भरदार दिसते, पण पहिल्यांदा चार चाकांचेच घ्यावे. तीन आस एकाच ताठ चौकटीत असतील तर मधल्या चाकांना वळणावर बाजूला सरकायला जागा द्यावी लागते किंवा ती चाके कडेविना घ्यावी लागतात, आणि ही खटपट नवख्याने टाळलेली बरी.

मोजमापांचा अधिकृत आराखडा हाती नसला तरी अडत नाही. इंजिनाचे नेमके बाजूने काढलेले छायाचित्र घ्यावे, त्यात ज्याचे माप ठाऊक आहे अशी एक गोष्ट शोधावी आणि बाकी सगळे तिच्या पटीत मोजावे. या इंजिनांची चाके ३ फूट १ इंच व्यासाची होती. आपल्या प्रमाणात हा व्यास सुमारे २५ मिमी होतो. पत्र्यांमुळे चाक दिसत नसेल तर दाराची उंची किंवा बफरची रुळापासूनची उंची मोजायला घ्यावी.

२. बांधण्याआधी वेग ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग देखणी ट्राम मेलगाडीसारखी सुसाट पळते. मंद, अखंड, न अडखळणारी चाल हाच ट्रामचा प्राण आहे. रूप कितीही हुबेहूब असले तरी चाल चुकली की पाहणाऱ्याला ती ट्राम वाटत नाही. म्हणून आकडेमोड आधी करावी.

या मार्गावर सुरुवातीला ताशी ८ मैलांची मर्यादा होती. ताशी ८ मैल म्हणजे सेकंदाला सुमारे ३.५८ मीटर. त्याला ३८ ने भागले की प्रतिकृतीचा वेग सेकंदाला सुमारे ९४ मिमी येतो. चाकाचा रुळावर टेकणारा व्यास २५ मिमी धरला तर परीघ सुमारे ७८.५ मिमी होतो, म्हणजे चाकाने मिनिटाला सुमारे ७२ फेरे घ्यायला हवेत. ओझ्याखाली मोटरचे मिनिटाला २५० ते ३०० फेरे धरून चालले तर ३:१ इतकी घट (मोटरच्या तीन फेऱ्यांना चाकाचा एक) पुरते: पूर्ण वेगात चाकाचे ८३ ते १०० फेरे होतात आणि रिमोटवर एक-दोन पायऱ्या खाली येताच नेमका वेग साधतो. मोटर जवळजवळ पूर्ण वेगात फिरत असताना तिचा जोर आणि स्थिरपणा चांगला असतो. घट न देता मोटरलाच अगदी हळू फिरवले तर गाडी झटके देत निघते आणि वळणावर थांबते.

तुमच्या चाकाचा व्यास कॅलिपरने मोजून हेच गणित पुन्हा करावे. मोजताना कडेचा व्यास घेऊ नये, रुळावर टेकणाऱ्या पृष्ठाचा घ्यावा.

३. चाकांची चौकट: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

चालक-चाके असलेली तयार रेल्वे-मोटर वापरणे हा सोपा मार्ग आहे. ती चौकटीखाली बसवली, तार जोडली की काम झाले. पण तिचा वेग आपल्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असतो आणि तिच्यात गिअर बदलण्याची सोय नसते. लहान मुलाबरोबर एका दुपारी बांधायचे असेल तर ती जरूर घ्यावी. ट्रामची खरी चाल हवी असेल तर स्वतंत्र मोटर आणि गिअर हाच मार्ग आहे.

८ आणि २४ दात्यांचे गिअर परस्परांत बसवले की ३:१ घट मिळते आणि त्यांच्या आसांमधले अंतर नेमके २ स्टड येते. १६ आणि १६ दात्यांच्या जोडीलाही २ स्टडच लागतात. इथे एक सापळा आहे, आणि तो ट्रामलाच विशेष भोवतो. २४ दात्यांचा गिअर थेट चाकाच्या आसावर बसवला तर त्याचा घेर चाकाएवढाच होतो आणि त्याचे दाते रुळांच्या माथ्यापर्यंत खाली येतात. उघड्या रुळांवर ते खपून जाते. ट्रामचे रूळ मात्र रस्त्यात बुजवलेले असतात. दोन रुळांमध्ये फरशी भरली की दाते तिच्यावर आपटतात. म्हणून मोटरच्या आसावर ८ दात्यांचा गिअर, त्याच्याशी जुळणारा २४ दात्यांचा गिअर वरच्या मधल्या आसावर, आणि त्या मधल्या आसावरून १६:१६ जोडीने चाकाचा आस, अशी रचना करावी. एकूण घट ३:१ च राहते आणि खाली फक्त १६ दात्यांचा लहान गिअर उरतो.

वर्म गिअर (स्क्रूसारखा गिअर) टाळावा. घट भरपूर मिळते हे खरे, पण मग इंजिन हाताने ढकलता येत नाही, घर्षण वाढते आणि काही अडकले तर मोटर दाते झिजवत राहते.

दोन आसांमधले अंतर ७ स्टडांच्या आसपास ठेवावे. एकच आस मोटरने फिरवला आणि त्याच आसाच्या चाकांवर रबरी कडी चढवली तर दोन-तीन डबे ओढायला तेवढे पुरते. दोन्ही आसांना बाहेरून जोडणारे दांडे पहिल्या प्रतिकृतीत लावूच नयेत, असे माझे ठाम मत आहे. दोन्ही बाजूंचे दांडे परस्परांशी ९० अंशांत नसतील तर यंत्रणा दर फेऱ्याला अडते, आणि इतके जपून लावलेले दांडे शेवटी पत्र्यांमागे झाकले जातात.

आस छिद्रात सैल फिरला पाहिजे. बुश ठोकळ्याला घट्ट दाबून बसवला की घर्षण वाढते. केसाइतकी फट ठेवावी. ज्या छिद्रांतून आस जातो ते ठोकळे खाली-वर प्लेटांनी (पातळ ठोकळ्यांनी) बांधून घ्यावेत, नाहीतर वजन येताच ते फाकतात आणि गिअरचे दाते सुटतात. गिअर जोडण्यापूर्वी प्रत्येक आसाला बोटाने गिरकी द्यावी. तो सहज दोन-तीन फेरे घेऊन थांबला पाहिजे. लगेच थांबत असेल तर तिथेच दुरुस्ती करावी, पुढे जाऊ नये.

४. हब, बॅटरी आणि वजन

हब ४ स्टड रुंद आणि ८ स्टड लांब असतो आणि त्यात ६ लहान बॅटऱ्या बसतात. तो इंजिनाच्या आत, चालणाऱ्या आसाच्या शक्य तितक्या वर ठेवावा. प्लास्टिकच्या रुळावर प्लास्टिकचे चाक घसरते; बॅटऱ्यांचे वजन त्या आसावर आले की पकड आपोआप वाढते. इंजिन फारच आखूड असल्याने हब आत मावत नसेल तर तो मागच्या गार्डच्या डब्यात ठेवून तार पुढे आणता येते, पण मग इंजिनात दुसरे वजन भरावे लागते आणि डबा कायमचा जोडलेला राहतो.

पुन्हा भरता येणाऱ्या बॅटऱ्या १.२ व्होल्टच्या असतात, म्हणजे सहांचे मिळून ७.२ व्होल्ट, साध्या बॅटऱ्यांचे ९ व्होल्ट होतात. वेग थोडा कमी मिळतो, आणि ट्रामला ते सोयीचेच आहे. मात्र वेगाची चाचणी ज्या बॅटऱ्यांवर केली त्याच प्रकारच्या पुढेही वापराव्यात.

हबचे बटण दाबता आले पाहिजे आणि बॅटऱ्या बदलता आल्या पाहिजेत, हे आत्ताच ठरवावे. छप्पर पूर्ण निघेल अशी रचना सर्वांत चांगली. बटण वरच्या बाजूला येत असेल तर धुराड्यातून एक आस खाली सोडून धुराडे दाबताच हब चालू होईल अशी सोय करता येते. तारा जाड आणि ताठ असतात. त्यांची गुंडाळी गिअरांपासून दूर, हबच्या शेजारी पक्की करावी.

प्रोग्रामिंगची आवड असेल तर पायब्रिक्स हे सॉफ्टवेअर पाहावे. त्यामुळे फोनशिवाय हब आणि रिमोट यांच्यावरच स्वतःचा प्रोग्राम चालतो, आणि गाडी हळूहळू वेग घेईल, हळूहळू थांबेल असे ठरवता येते. फेरे मोजणारी मोटर असेल तर चढ-वळणावरही वेग स्थिर राखता येतो.

५. उघडी चौकट आधी चालवा

भिंती उभारण्याआधी चौकट, मोटर आणि हब एवढेच घेऊन गाडी चालवावी. १६ स्टडांचे ८ सरळ तुकडे जोडले की १०२४ मिमी लांबी होते. ९४ मिमीच्या वेगाने हे अंतर कापायला सुमारे ११ सेकंद लागले पाहिजेत. रिमोटची कोणती पायरी हा वेग देते ते टिपून ठेवावे. नंतर वर्तुळावर दोन्ही दिशांनी चालवावे. एका दिशेने नीट आणि दुसऱ्या दिशेने अडखळत असेल तर बहुधा एखादा आस आडवा सरकतो आहे. अर्धा बुश लावून त्याला आवर घालावा.

६. बाजूचे पत्रे आणि काउकॅचर

नियमातले ४ इंच आपल्या प्रमाणात सुमारे २.७ मिमी होतात. एक प्लेट ३.२ मिमी जाड असते. म्हणजे पत्र्याची खालची कड रुळाच्या माथ्यापासून एक प्लेट वर ठेवली की मूळ इंजिनाशी जवळजवळ तंतोतंत जुळते.

पत्रे बाजूला स्टड असलेल्या ठोकळ्यांवर टाइल चढवून करावेत. आडवे-उभे बांधकाम जुळवताना एक आकडा पाठ असावा: ५ प्लेटांची जाडी २ स्टडांच्या रुंदीएवढी, म्हणजे १६ मिमी, असते. हा हिशेब जिथे जमत नाही तिथे फट राहते किंवा भिंत फुगते.

आस ताठ चौकटीत असल्यामुळे इंजिनाची चाके पत्र्यांच्या तुलनेत हलत नाहीत, आणि म्हणून पत्रे चाकांना अगदी जवळ लावता येतात. फिरत्या बोगीवर (चाकांच्या स्वतंत्र वळणाऱ्या चौकटीवर) ही सवलत मिळत नाही. तयार रेल्वे-मोटर मधोमध फिरती बसवली असेल तर ती वळणावर पत्र्याला धडकते. अशा वेळी तिला चौकटीला घट्ट जोडून टाकावे.

काउकॅचर (रुळावरचे अडथळे बाजूला सारणारी जाळी) इंजिनाच्या टोकाला आणि खाली असतो, म्हणून त्याची तपासणी वेगळी करावी. वक्र रुळाची त्रिज्या ४० स्टड, म्हणजे ३२० मिमी असते. २० स्टड लांबीच्या आणि आसांमध्ये ७ स्टड अंतर असलेल्या इंजिनाचे टोक या वळणावर सुमारे ९ मिमी बाहेर फेकले जाते. मार्ग बदलणारा सांधा वापरला असेल तर त्याचा खटका रुळांना लागूनच असतो. तिथे काउकॅचर किंवा पत्र्याचा कोपरा अडकतो का ते हाताने ढकलून, दोन्ही मार्गांवर पाहावे.

७. लाकडी देह आणि छप्पर

या इंजिनांचा देह लाकडी फळ्यांचा होता आणि दुरून ती गार्डच्या डब्यासारखी दिसत. तपकिरी रंगाचे खाचांचे ठोकळे उभ्या फळ्यांचा भास चांगला देतात. दोन्ही टोकांना खिडक्या असाव्यात, कारण चालक जाण्याच्या दिशेच्या टोकाला उभा राही. घंटा विसरू नये. रस्त्यावरच्या माणसांना सावध करण्यासाठी ती सक्तीची होती. भिंती एकाच पेटीच्या रूपात बांधून चौकटीवर चार-सहा स्टडांनीच बसवाव्यात, म्हणजे दुरुस्तीसाठी पूर्ण देह एका हाताने उचलता येतो.

८. डबे

प्रवाशांना फलाटाविना, रस्त्यावरूनच चढावे लागे, म्हणून डब्यांच्या पायऱ्या खाली उतरलेल्या दाखवाव्यात. चार चाकांचे डबे सोपे पडतात. दोन बोगींचा लांब डबा करायचा असेल तर बोगींच्या केंद्रांतले अंतर १६० मिमी, म्हणजे २० स्टड, घेतल्यास वळणावर मधला भाग सुमारे १० मिमी आत सरकतो. शेजारी घर, कुंपण किंवा दुसरा रूळ ठेवताना ही जागा सोडावी. प्रमाण गेजमुळे साधे मालडबेही या मार्गावर येत, तेव्हा तयार संचातला एखादा मालडबा मागे जोडला तरी तो विसंगत दिसत नाही. चुंबकाच्या जोडण्या दोन-तीन डब्यांना पुरतात, पण इंजिनाकडची जोडणी डावी-उजवीकडे फिरती ठेवावी, नाहीतर टोकाच्या त्या ९ मिमीमुळे पहिला डबा वळणावर रुळांवरून उतरतो.

९. रूळ आणि रस्ता

सोळा वक्र तुकड्यांचे वर्तुळ स्लीपरच्या बाहेरच्या कडेपर्यंत सुमारे ७०४ मिमी व्यासाचे होते. टेबल निवडताना त्याच्या भोवती वाहनाच्या फेकीसाठी निदान ३०–४० मिमी आणखी जागा धरावी.

रस्ता करताना दोन रुळांमध्ये ४ स्टड रुंदीची फरशी भरावी. ३७.५ मधून ३२ वजा केले की दोन्ही बाजूंना सुमारे २.७५ मिमीची खाच उरते आणि तिच्यातून चाकाची कड जाते. फरशीचा माथा रुळाच्या माथ्याहून किंचित खाली असावा, वर मुळीच नको. वळणावर सलग फरशी बसत नाही; तिथे लहान तुकडे वापरावेत किंवा गवताची कड दाखवून रूळ उघडे ठेवावेत. प्रत्यक्ष मार्गही सगळाच रस्त्यात बुजवलेला नव्हता, पुष्कळ ठिकाणी तो रस्त्याला लागून वेगळ्या पट्टीवर होता, म्हणून यात नमुन्याशी प्रतारणा होत नाही.

१०. शेवटची चाचणी आणि निगा

पूर्ण गाडी सलग अर्धा तास चालवावी आणि मधूनमधून मोटरला हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. गरम लागत असेल तर कुठेतरी घर्षण आहे आणि देह उचलून पाचव्या पायरीतली चाचणी पुन्हा करावी. जमिनीवर चालणाऱ्या गाडीच्या आसांना केस आणि धागे गुंडाळले जातात, ते चिमट्याने काढावेत. रबरी कडी धूळ धरून गुळगुळीत झाली की ओल्या फडक्याने पुसावीत, सैल झाली की बदलावीत. प्रतिकृती बराच काळ ठेवून द्यायची असेल तर बॅटऱ्या काढून ठेवाव्यात आणि रिमोटची टिपलेली पायरी छपराच्या आतल्या बाजूला चिठ्ठीवर लिहून चिकटवावी.